गासडीमागे रुपया

घोडपदेवहून उत्तरेला कॉटन ग्रीनकडे चालायला लागलं की पोर्ट ट्रस्टच्या गोदामांच्या रांगा सुरू होतात. रुंद दरवाजे, माल चढवाउतरवायला कमरेएवढे धक्के, भिंतीच्या फटीत रुजलेला पिंपळ. नावात 'ग्रीन' आहे, पण हिरवं म्हणावं तर तो पिंपळच. हे नाव मूळ इथलं नाहीच. कोटातल्या टाउन हॉलसमोरच्या हिरवळीवर पूर्वी कापसाचे ढीग पडत. तिथून बाजार कुलाब्याला गेला आणि १९२०च्या दशकात शिवडीच्या भरावावर आला. बाजार दोनदा हलला आणि दोन्ही वेळा नाव बिऱ्हाडासोबत घेऊन आला.

कापसाचा हिशेब तेव्हा गासडीत व्हायचा. दाबून, पट्ट्या आवळून बांधलेली गासडी ३९२ पौंडांची, आणि अशा दोन गासड्यांची ७८४ पौंडांची एक खंडी. खानदेश, वऱ्हाड, गुजरातेतून आलेल्या गासड्या काही गिरणीत जात, काही बोटीत. १९२० साली मुंबई महापालिकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि शहरात शिरणाऱ्या दर गासडीमागे एक रुपया टाउन ड्यूटी बसली.

एक रुपया म्हणजे फार नव्हे. पण शहराच्या वेशीवर नवा कर बसवायला वरून मुभा मिळणं ही रोजची गोष्ट नव्हती. ती का मिळाली, पैसा कुठे गेला आणि पुढे शंभरएक वर्षांत ती मुभाच कशी संपली, यातलं बरंचसं घोडपदेवच्या आसपासच्या दोन-चार मैलांतच घडलं. म्हणून सुरुवात इथून.

आधी शब्दांचं थोडं. इंग्रजी कागदपत्रांत जकातीला ऑक्ट्रॉय म्हणत. शब्द फ्रेंच आणि त्याचा मूळ अर्थ 'बहाल केलेलं'. राजाने शहराला वेशीवर कर घ्यायची परवानगी दिली, ती ऑक्ट्रॉय. म्हणजे करापेक्षा ते परवानगीचंच नाव. आपली जकात अरबीतून आली. तिकडे ती धर्मातल्या दानाची, इकडे येऊन नाक्यावरच्या वसुलीची झाली. तिच्यात परवानगीबिरवानगीचा नम्रपणा नाही.

आणि जकात म्हणजे नुसती तिजोरी भरायची युक्ती, असंही आपल्या राज्यकर्त्यांनी कधी मानलं नव्हतं. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदरावाला, पत्र पाठवलं. पोर्तुगिजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि आपल्या मुलखातलं, संगमेश्वरकडचं मीठ पडून राहील. तेव्हा बारदेशच्या मिठावर जकात जबर बसवा, अशी आज्ञा होती. दर किती ठेवायचा आणि का, याचा इतका स्पष्ट विचार नंतरच्या कित्येक अर्थसंकल्पांत सापडत नाही.

कंपनी सरकारला मात्र गावोगावच्या नाक्यांचा वैताग होता. १८४४ सालच्या एकोणिसाव्या कायद्याने मुंबई इलाख्यातली शहरांची जकात, मोहतर्फा, कसबवेरे असले धंद्यांवरचे बारीकसारीक कर एका फटक्यात उडवले गेले. लोकांनी पेढे वाटावेत असा कायदा, पण त्याच सुमारास मिठाचा कर मणामागे आठ आण्यांवरून रुपयावर नेला. सुरतेत लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली आणि सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. एक कर जातो तेव्हा त्याचं ओझं कुठल्या खांद्यावर सरकतं हे पाहावं, एवढं शहाणपण सुरतेच्या बाजारात तेव्हाही होतं.

नाके गेले तरी शहरं वाढतच होती, आणि शहराला पाणी, गटार, दिवे लागतात. मुंबईत १८६५ ते १८७१ या काळात आर्थर क्रॉफर्ड हे म्युनिसिपल कमिशनर होते. त्यांनी बाजार बांधले, रस्ते केले आणि पालिकेला कर्जात बुडवलं. करदाते खवळले, टाउन हॉलमध्ये सभा झाल्या. त्या धांदलीत तरुण फिरोजशहा मेहता क्रॉफर्डच्या बाजूने बोलले होते, ही गंमत विसरू नये. त्यातून १८७२ साली ६४ सदस्यांची कॉर्पोरेशन आली, आणि पुढे १८८८चा कायदा. त्याच्या घडणीत मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा हात. तोच कायदा, ठिगळं लावलेला, आज मुंबईला लागू आहे.

त्या कायद्यात जकातीची रचना मोठी चतुर होती. पालिकेने दरवर्षी आपले दर ठरवावेत, पण कायद्याला जोडलेल्या 'एच' परिशिष्टात लिहिलेल्या कमाल दराच्या वर जायचं नाही. धान्य, साखर, तूप, इमारती लाकूड, जळण, दारू अशी मोजकी यादी. यादीत नसलेल्या वस्तूला हात लावायचा असेल किंवा कमाल दर वाढवायचा असेल, तर कायदेमंडळाकडे जायचं. घरात पोराला खर्च करायची मोकळीक असावी, पण कपाटाची किल्ली वडिलांच्या कनवटीला, असला प्रकार.

१९२० साली किल्ली फिरली. पहिल्या महायुद्धात मुंबईच्या गिरण्यांनी पैसा ओढला होता. दुसरीकडे गिरणगावात एकेका खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसं. प्लेग होऊन गेला होता, इन्फ्लुएन्झा नुकताच होऊन गेला होता, संप सुरू झाले होते. गव्हर्नर जॉर्ज लॉइड हे घाईचे गृहस्थ. त्यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं नवं खातं काढलं आणि दोन प्रचंड कामं हाती घेतली. एक बॅक बेचा समुद्र हटवायचा आणि दुसरं, कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधायच्या. खोल्यांचं गणित सुरुवातीपासूनच तुटीचं होतं. बांधकामाच्या खर्चाप्रमाणे भाडं काढलं तर ते गिरणी कामगाराला झेपणार नव्हतं. मग तूट भरायची कुठून? ज्या कापसावर शहर जगतं त्याच कापसातून. म्हणून गासडीमागे रुपया.

विचार म्हणून हे आजही वाखाणण्यासारखं आहे. नफा ज्या मालातून होतो त्या मालानेच मजुराच्या छपराची सोय करावी. तेजीच्या दिवसांत मालकांनाही तो रुपया जड नव्हता. खोट निराळ्या जागी होती. कर पालिकेच्या कायद्यातला, वसुली शहराच्या नावाने, पण पैशाचा मोठा वाटा सरकारच्या नव्या खात्याकडे. चाळी कुठे बांधायच्या, कशा बांधायच्या, हे ठरवणारं खातं शहराला बांधील नव्हतं.

परिणाम सिमेंटमध्ये उतरला. ५०,००० राहिल्या बाजूला, १६,५४४ खोल्या झाल्या. २०७ चाळी, त्यांतल्या १२१ वरळीला, ४२ नायगावला, ३२ डिलाइल रोडला आणि १२ शिवडीला. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फूट. यांनाच आपण बीडीडी चाळी म्हणतो. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, त्याच घाईच्या खात्याचं नाव. वरळी तेव्हा गिरणीपासून लांब आणि आसपास बाजार नाही. चांगल्या नव्या खोल्या वर्षानुवर्षं ओस पडल्या आणि कामगार लालबाग-परळच्या अंधाऱ्या चाळींतच भाडं भरत राहिला, कारण भोंगा झाला की पायी पोचता आलं पाहिजे. १९३०च्या सत्याग्रहात सरकारला त्या रिकाम्या इमारती एकदाच्या उपयोगी पडल्या. वरळीच्या चाळींत कैदी कोंडले.

बॅक बेचं तर 'लॉइडचा मूर्खपणा' म्हणून नाव झालं. बॅरिस्टर खुर्शेद नरिमनांनी त्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला, खात्याच्या इंजिनिअराने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन निर्दोष सुटले. पण ती गोष्ट समुद्राची. कापसाची गोष्ट अशी की तेजी ओसरली, १९२३नंतर गिरण्यांना मंदीने घेरलं, आणि तेजीत न जाणवलेला रुपया मंदीत टोचू लागला. आणि चाळी? त्या टिकल्या. पुढे त्या अशा भरल्या की १६० चौरस फुटांत तीन-तीन पिढ्या वाढल्या. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा त्या गासडीच्या रुपयाला शंभरी उलटून गेली होती.

मुंबईच एकटी अशी परवानगी मागत होती असं नाही. १९३४ साली, मंदीच्या कडाक्यात, न्यूयॉर्कच्या ला गार्डिया महापौरांना बेकारांच्या मदतीसाठी पैसा हवा होता. त्यांनी शहरात दोन टक्के विक्रीकर लावला, पण त्याआधी राज्याच्या विधिमंडळाची संमती घ्यावी लागली. अमेरिकेत कित्येक राज्यांत आजही तोच शिरस्ता आहे. शहराला पाव-अर्धा टक्का वाढवायचा तर राज्याने दार उघडायचं आणि पुष्कळ ठिकाणी मग मतदारांनी कौल द्यायचा. आपल्याकडे दुसरी पायरी कधी आलीच नाही. जकात किती असावी हे मुंबईकराला मतपत्रिकेवर कोणी विचारलं नाही.

आपल्याकडे विक्रीकर राज्याने स्वतःकडे ठेवला. मुंबई प्रांताचा विक्रीकर कायदा १९४६चा. त्याचं मुख्य ऑफिस पुढे माझगावला विक्रीकर भवनात थाटलं, घोडपदेवहून पायी जाण्याच्या अंतरावर. विक्री झाली की राज्य घेणार, वेशीत शिरताना शहर घेणार, अशी वाटणी. घटनेतही तसंच. माल स्थानिक क्षेत्रात वापरासाठी किंवा विक्रीसाठी आणण्यावरचा कर राज्यसूचीच्या ५२ व्या नोंदीत, म्हणजे मालकी राज्याची. राज्याने कायदा करून तो शहराला वापरायला दिला, एवढंच.

१९५० आणि १९५७ साली मुंबईची हद्द वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आणि १९६५मध्ये मोजक्या वस्तूंची टाउन ड्यूटी जाऊन सर्वंकष जकात आली. आता यादीत जवळजवळ सगळंच. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, मानखुर्द हे रस्त्यावरचे नाके लोकांच्या डोळ्यांत भरत. पण जकात बंदरावर, विमानतळावर, रेल्वेच्या मालधक्क्यांवरही लागे. वाडीबंदरला वॅगन रिकामी होताना पालिकेचा माणूस हजर. आणि सगळ्यांत मोठी कमाई ट्रकमधून नव्हतीच. ती माहुलच्या दोन तेलशुद्धीकरण कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या तेलातून, नळीतून, विनाहॉर्न यायची.

नाक्यावरचा देखावा मात्र ट्रकचाच. मैलभर रांग, ड्रायव्हर खाली उतरून चहाच्या टपरीवर, क्लीनर चाकांना हातोडी मारून हवा बघतोय. बिल, बिल्टी, चलान घेऊन जकात दलालाचा पोऱ्या खिडकीशी. मालाची किंमत बिलात कमी दाखवली की काय, हा आतल्या माणसाचा संशय. किंमत वाढवून तर लावणार नाही, हा बाहेरच्याचा. माल मुंबईतून नुसता पार व्हायचा असेल तर निराळे कागद, आणि शहरात उतरलेला माल पुन्हा बाहेर गेला तर परतावा. चोरून आणलेला सापडला तर जकातीच्या दहापटीपर्यंत दंड. या दहापटीच्या धाकात आणि रांगेच्या कंटाळ्यात, दोघांच्या मधोमध, चिरीमिरीची टपरी चालायची. तिचा हिशेब कुठल्याच परिशिष्टात नाही.

घोडपदेव-दारूखान्याच्या लोखंडवाल्यांना ही भाषा पाठ होती. पत्रा, सळई, अँगल हा वजनाचा माल, नफा पातळ. त्यात नाक्यावर टक्का चुकता केला की भाव ठरवतानाच तो धरायचा. पुढे सिडकोने कळंबोलीला पोलाद बाजार वसवला. व्यापारी हलवण्यामागे मुख्य कारण मुंबईची कोंडी, पण हद्दीबाहेर माल उतरवण्याचा जमाखर्च वेगळा पडतो हे कळायला लोखंडवाल्याला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

जकात रद्द करा, हे सांगणाऱ्या समित्या मात्र पुष्कळ झाल्या. साठच्या दशकात केसकर समितीने रस्ता वाहतुकीच्या करांचा अभ्यास करून तेच सांगितलं. मध्य प्रदेशाने १९७६मध्ये, गुजरातेने २००७मध्ये काढून टाकली. महाराष्ट्राने १९९९मध्ये नगरपालिकांची काढली आणि महापालिकांची ठेवली. मग २०१०पासून एकेका महापालिकेत स्थानिक संस्था कर, आपला एलबीटी. नाका नाही, रांग नाही, व्यापाऱ्याने वही दाखवून स्वतः भरायचा. कागदावर सुधारणा होती. पण २०१३च्या एप्रिलपासून पुणे, ठाणे, नागपूर अशी मोठी शहरं त्यात आल्यावर व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. नाक्यावरचा कारकून परवडला, तो ट्रक बघतो. हा वही बघणार, दुकानात येणार. दोन वर्षं हा तमाशा चालला. शेवटी १ ऑगस्ट २०१५पासून वर्षाला ५० कोटींच्या वर उलाढाल असलेले सोडून बाकी सगळ्यांना एलबीटी माफ झाला. मुंबईत तो यायचा यायचा म्हणता आलाच नाही. नाके शेवटपर्यंत राहिले ते एकट्या मुंबईत.

शेवटची तारीख दिल्लीत ठरली. जीएसटी म्हणजे वस्तू व सेवा कर आणणाऱ्या घटनेच्या १०१ व्या दुरुस्तीने राज्यसूचीतली ५२ वी नोंदच वगळली आणि ३० जून २०१७च्या मध्यरात्री जकात संपली. नुसता कर गेला असता तर पुन्हा लावता आला असता. इथे तो लावू देण्याचा राज्याचा अधिकारच गेला, म्हणजे बहाल करणाऱ्याच्या हातातही काही उरलं नाही. शहरांसाठी एक खिडकी तेवढी उघडी ठेवली. सुधारलेल्या ६२ व्या नोंदीप्रमाणे स्थानिक संस्थांना करमणूक कर घेता येतो. दीड कोटीच्या आसपास माणसांच्या शहराने नाटक-सिनेमाच्या तिकिटांवर गटारं बांधावीत, असा कोणाचा हेतू नसावा. पण वाचून हसू येतं.

मे महिन्यातच राज्याने खास अधिवेशन बोलावून पालिकांच्या भरपाईचा कायदा केला होता. ५ जुलै २०१७ रोजी अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार ६४७.३४ कोटी रुपयांचा पहिला धनादेश घेऊन पालिकेत आले. महापौर विश्वनाथ महाडेश्वरांनी तो घेतला. उद्धव ठाकरे हजर होते. राज्यात एकत्र सत्तेत बसलेल्या शिवसेना आणि भाजपचे नगरसेवक सभागृहात एकमेकांविरुद्ध घोषणा देत होते. वरवर पाहता भांडण श्रेयाचं. पण पालिकेच्या सभागृहात पहिल्यांदाच शहराचा हक्काचा महसूल कोणीतरी बाहेरून येऊन हातात ठेवत होतं, हे दोन्ही बाजूंना बोचत असावं असा माझा संशय आहे.

भरपाईचं गणित वाचण्यासारखं आहे. केंद्राकडून राज्याने आपल्यासाठी दरसाल १४ टक्के वाढीची हमी मिळवली, पाच वर्षांसाठी, आणि तिच्या पायाभूत आकड्यात शहरांचा बुडालेला महसूलही धरला गेला. राज्याने आपल्या शहरांना दिलेली वाढ दरसाल ८ टक्के. राज्याच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की केंद्राची हमी जून २०२२ला संपली तरी शहरांचे हप्ते थांबले नाहीत. आठ टक्क्यांची चक्रवाढही काही कमी नसते. आकडा वाढत गेला आणि वसुलीची दगदग गेली. ट्रकवाले सुटले. नाक्यांच्या जागांवर काय बांधायचं याचे आराखडे निघू लागले. जकात परत यावी असं रांगेत उभा राहिलेला कोणी म्हणणार नाही, आणि मीही म्हणत नाही.

माझगावच्या विक्रीकर भवनावर आता जीएसटी भवन अशी पाटी आहे. फेब्रुवारी २०२०मध्ये तिथे वरच्या मजल्यांना आग लागली आणि त्या दुपारी धुराचा लोट दूरवर दिसत होता. पालिकेच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात उत्पन्नाच्या बाजूला सर्वांत मोठा एकटा आकडा १४,३९८ कोटींचा आहे. मालमत्ता कर त्याच्या कितीतरी मागे. त्या आकड्यापुढे नोंद आहे ती अशी: जकातीपोटी नुकसानभरपाई.